फौजेतून सुटण्याचा मुहूर्त

“…आणि समजा, त्या जर्मनांनी कळवलं असतं, की आम्ही उद्या शरण येतो म्हणून, तर ‘थांबा जरा, पितृपक्ष उलटू द्या’ असा उलट निरोप धाडला असता का कुणी?”

“अगं, हळू,” नृसिंहराव म्हणाले.

“हळूच बोलतेय. पिठाशी बोलतेय मी.”

दमयंती खरोखरच परातीतल्या भाकरीच्या पिठाशी बोलत होती. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची त्या घरात सुनेला मुभा नव्हती. त्यामुळे मामंजींना सांगायचं ते ती नवऱ्याला सांगे, आणि नवऱ्याला सांगायचं ते परातीला, पातेल्याला, फारच झालं तर चुलीतल्या लाकडाला. ज्याला ऐकू जायला हवं त्याला बरोबर जात असे. घर होतंच केवढं! नगरच्या एका बोळातल्या भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे ओटी.

“नृसिंहा,” ओटीवरून सासऱ्यांचा, धुंडिराजशास्त्र्यांचा, आवाज आला, “आज घरात भांडी फार वाजताहेत.”

“होय, अण्णा.”

“चतुर्दशी आहे. शस्त्रानं गेलेल्यांचा दिवस. आज तरी शांतता असावी.”

शास्त्रीबुवा नुकतेच दोन घरची श्राद्धं आटोपून आले होते. या वर्षी चतुर्दशीला त्यांना उसंत नव्हती. लढाईत गेलेल्या पोरांचे बाप त्यांना आठ-आठ दिवस आधी सांगून ठेवत होते. दोन्ही ठिकाणची खीर जड झाल्यामुळे ते तक्क्याला टेकून बसले होते, आणि पंचांग पोटावर पालथं घातलेलं होतं.

“फौजेत शिरताना मुहूर्त पाहिला नाही, त्याचं काय झालं ते दिसलंच ना?” कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या माई म्हणाल्या. माई म्हणजे नृसिंहरावांच्या आई. “आता बाहेर पडताना तरी पाहायला नको?”

“काय झालं न पाहिल्यामुळे?” दमयंतीनं पिठाला विचारलं.

“काय झालं म्हणजे! चार वर्षं लढाईत घालवली पोरानं!”

“तर! रोज संध्याकाळी चहाला घरी यायचे लढाईवरून.”

नृसिंहरावांनी चहाचा पांढरा लष्करी मग तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

भांडणाचा मुद्दा साधा होता. दमयंतीचा थोरला भाऊ शामकांत कोपरगावकडे एका साखर कारखान्यात नोकरीला होता. त्यानं खटपट करून नृसिंहरावांसाठी ऊस-खात्यात कारकुनाची जागा मिळवली होती. मॅनेजर म्हणाला होता, लष्करातला माणूस आहे, त्याला सुटायला वेळ लागायचाच, दसऱ्यापर्यंत मी जागा धरून ठेवतो. जागेबरोबर कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या मिळणार होत्या. मागे अंगण आणि दाराशी नळ. पण खोल्यांना मॅनेजर थांबायला तयार नव्हता. त्या बुधवारपर्यंत ताब्यात घ्यायच्या, नाही तर मागे तिघे टपून बसलेले होते. शुक्रवारी शामकांत स्वतः नगरला येऊन हे सांगून गेला होता. “बुधवारी सकाळच्या गाडीला मी कोपरगावच्या स्टेशनवर येतो,” तो म्हणाला होता. “कुणी तरी उतरा म्हणजे झालं.”

आज मंगळवार होता.

पण सुटकेच्या दाराला दोन कुलपं होती. पहिलं कुलूप साहेबाचं. नृसिंहराव महिनोन्‌महिने सांगत होते, की साहेब सोडत नाही, माझ्यावाचून ऑफिस बंद पडेल म्हणतो. आजही कॅम्पातून आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं, “विचारलं मी. साहेब एवढ्यात नाही म्हणतो.” दुसरं कुलूप अण्णांचं. समजा साहेबानं सोडलं, तरी आषाढात चातुर्मास लागतो म्हणून नको, श्रावणात चालती नोकरी सोडू नये, भाद्रपदात आधी गणपती आणि मग पितृपक्ष. साहेबाच्या कुलपाशी दमयंतीचं भांडण नव्हतं. तो इंग्रज, त्याचं राज्य, आणि नवऱ्यावाचून एखादं ऑफिस बंद पडेल हे ऐकून, खोटं कशाला बोला, तिला आत कुठं तरी बरंही वाटत असे. तिचं सगळं भांडण दुसऱ्या कुलपाशी होतं.

*

नृसिंह हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं बारशाच्या दिवशी मुलाकडे नीट पाहिलेलं नसावं. भरतीच्या वेळी डॉक्टरनं छातीला फीत लावून “श्वास घे” म्हटलं. नृसिंहरावांनी घेतला. डॉक्टर म्हणाला, “घे ना.” नृसिंहराव म्हणाले, “घेतला, सर.” पण ते बेचाळीस साल होतं. बंदूक चालवणारी माणसं सरकारला खेड्याखेड्यांतून मिळत होती; कोणी किती बंदुका चालवल्या हे इंग्रजीत लिहून ठेवणारी मिळत नव्हती. त्यामुळे छाती राहिली बाजूला आणि अक्षर पास झालं.

त्याआधी ते एका वकिलाकडे नकला उतरून काढायचं काम करत. वकील त्यांना “अरे” म्हणे. वकिलाचा दहा वर्षांचा मुलगाही “अरे” म्हणे. मॅट्रिकला दोनदा आपटून तिसऱ्यांदा निघालेल्या माणसाला याहून जास्त काय म्हणायचं, असा त्या घरचा एकूण विचार असावा. एके दिवशी नृसिंहराव कचेरीतून घरी न येता भरतीच्या तंबूत गेले, आणि लढाई संपेपर्यंत व त्यापुढे सरकारला गरज असेल तोपर्यंत नोकरी करीन, अशा कागदावर सही करून आले. उभ्या जन्मात वडिलांना न विचारता केलेली ही त्यांची पहिली गोष्ट. त्याचं त्यांना स्वतःलाच इतकं नवल वाटलं, की दुसरी करायचं धैर्य त्यांना पुन्हा झालं नाही.

निरोपाला सारं नातं जमलं. माई रडल्या. राहुरीच्या आत्याबाईंनी हातावर दही घातलं. पत्र्याची ट्रंक भरली, तीवर पांढऱ्या रंगानं नाव घातलं. आणि नृसिंहराव टांग्यात बसून लढाईवर गेले ते भिंगारच्या अलीकडच्या कॅम्पात. घरापासून सायकलनं अर्धा तास. तिसऱ्या दिवशी ट्रंक परत आली, कारण साहेबानं मेहेरबानी करून त्यांना रात्री घरी झोपायचा पास दिला होता.

लोकांची पोरं बसरा, बर्मा, इटली करून आली. नृसिंहरावांची स्वारी दौंडच्या पलीकडे गेली नाही. दौंडलाही एकदाच, गहाळ झालेल्या कांबळ्यांची चौकशी करायला. बंदूक त्यांनी एकदाच उडवली. गोळी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही, आणि हवालदारानं पुन्हा त्यांच्या हातात बंदूक दिली नाही. तरी माई देवळात बायकांना सांगत, “आमचा नृसिंह आघाडीवर आहे हो, देवाच्या हाती सगळं,” आणि नेमका त्याच वेळी नृसिंह डबा लटकवून सायकलवरून देवळापुढून जाई. बायका भल्या होत्या. त्या खाली मान घालून प्रदक्षिणा घालत.

रात्री घरी झोपायच्या पासाचाही दमयंतीला फारसा उपयोग नव्हता. आतल्या खोलीत माई, माईंच्या कुशीत सहा वर्षांची नीला, आणि भिंतीशी दमयंती. नृसिंहराव बाहेर ओटीवर, अण्णांच्या शेजारी. नवऱ्याला काही सांगायचं तर चहा देताना, आणि तेही माईंच्या वातींच्या साक्षीनं. दहा वर्षांच्या संसारात तिनं दार आतून लावून घेतलेली खोली म्हणजे न्हाणीघर. कोपरगावच्या खोल्या तिनं पाहिल्या नव्हत्या. पण त्यांना दारं असणार, दारांना कड्या असणार, आणि कडी आपण लावली की ती लागलेली राहणार, एवढं तिला ठाऊक होतं.

लढाई संपली तेव्हा तिला वाटलं, आता झालं. लढाई संपेपर्यंत लिहून दिलं होतं, संपली. पण खरी लढाई नृसिंहरावांना त्यानंतर लाभली.

कॅम्पात सुटणाऱ्या जवानांचं ऑफिस उघडलं. माणूस भरती करायला एक अंगठा पुरतो. सोडायला मात्र सरकारला बरीच तयारी लागते. डॉक्टरचा कागद, पगाराचा कागद, रेल्वेचा पास, अंगावरची खूण, चालचलन कशी होती त्याचा शेरा. घेतलेली चीजवस्तू परत द्यायची. कांबळी, पट्टे, जेवणाचा डबा. डब्याचं झाकण हरवलं असलं तर ज्यानं इटलीतला अख्खा डोंगर सर केला त्यालाही घरी जाता येत नसे. या सगळ्याच्या मधोमध एक टेबल होतं आणि टेबलाशी हवालदार क्लार्क नृसिंहराव राशिनकर बसलेले होते.

ज्या माणसाला घरात आमटीत मीठ कमी आहे एवढंही म्हणायची चोरी, त्याच्यापुढे आता सहा-सहा फुटी गडी टाचा जुळवून उभे राहू लागले. “नाव? गाव? अंगावर खूण?” नृसिंहराव वर न बघता विचारत. मग कागद खालीवर करत आणि म्हणत, “उद्या या.” उद्या यायची गरज असेच असं नाही. पण त्या दोन शब्दांनी त्यांच्या गालांवर जे मांस चढलं ते माईंच्या तुपानं चढलं नव्हतं. त्यांनी मिशी राखली. चालताना हात हलवायला लागले.

मुहूर्ताचं प्रकरण त्या टेबलावरच जन्माला आलं. पाथर्डीकडच्या एका नाइकानं कागद घेता घेता विचारलं, “बाबूसाहेब, शनवारी नाव कापून घरी जावं का? शनवार वंगाळ म्हनत्यात.” नृसिंहराव म्हणाले, वडिलांना विचारतो. अण्णांनी पंचांग पाहून रविवार सांगितला, नृसिंहरावांनी कागदावर रविवार घातला, आणि नाइक जाताना ओटीवर नारळ ठेवून, सव्वा रुपया ठेवून, साष्टांग नमस्कार घालून गेला. आठ दिवसांत सगळ्या छावणीत झालं, की बाबूसाहेबांचे वडील चांगला दिवस काढून देतात आणि बाबूसाहेब तोच दिवस कागदावर घालतात. सहा वर्षं सरकार म्हणेल तेव्हा उठलेले-बसलेले लोक ते. घरी जायचा दिवस तरी देवानं ठरवलेला असावा असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नव्हती.

पण नारळ! उन्हाळ्यापासून त्या घरात नारळांचा पूर आला होता. नारळाची चटणी, नारळाच्या वड्या, वरणात नारळ, भाजीत नारळ, सणवार नसताना नारळीभात. नीलानं शेवटी पान पुढे आलं की रडायला सुरुवात केली. उरलेले नारळ माई संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धाडत, तो ते सकाळी पुन्हा जवानांना विके, आणि दुपारपर्यंत ते पुन्हा ओटीवर येत. त्यातला एक नारळ तर दमयंतीला ओळखू यायला लागला होता; त्याची शेंडी एका बाजूनं जळलेली होती.

*

“बाबूसाहेब हायेत का?”

ओटीपुढे उंचापुरा गडी उभा होता. खाकी शर्ट, त्यावरच्या बिल्ल्यांच्या जागा गडद राहिलेल्या, खाली कोरं धोतर, डोक्याला नवा फेटा. खांद्यावर पोतं, हातात नारळ.

“कोण, भीमा?” नृसिंहराव चहाचा मग खाली ठेवून ओटीवर गेले. जाता जाता त्यांचा आवाज बदलला, हे दमयंतीला आतून ऐकू आलं. “अजून इथंच? काल सुटलास ना तू?”

“सुटलो की. काल सोमवारी शास्त्रीबुवांनी काडून दिल्याल्या टायमालाच अंगठा केला. आता काष्टीकडं निगालो. म्हनलं, बुवांच्या पाया पडल्याबिगर जायाचं न्हाई.” भीमानं नारळ ठेवला आणि अण्णांसमोर आडवा झाला. मग पोतं सोडलं. “आन् ह्ये थोड्या शेंगा हायेत. भाऊ घ्यायला आला हुता, त्यानं आनल्या. घरच्या हायेत.”

परातीत दमयंतीचा हात थांबला. काल सोमवार. कालही पितृपक्षच होता.

“लढाई कुठे केलीस रे?” अण्णांनी आशीर्वाद देऊन विचारलं.

“इटलीत, बुवा. लई थंडी. बरफ आन् चिक्कल. माज्या जोडीला घारगावचा गडी हुता, त्यो थितंच ऱ्हायला. त्याच्या आईकडं जाऊन मंगच घरला जानार.” तो जरा थांबला. आज कोणती तिथी आहे हे अण्णांनी त्याला सांगितलं नाही. “पर एक सांगतो, बुवा, रागवू नगा. तुमच्या पोटी ह्ये जे रतन आलंय ना, त्याच्यासारका मानूस म्या सबंद फौजंत पाह्यला न्हाई.”

“भीमा, तुझी मोटार चुकेल,” नृसिंहराव म्हणाले.

“चुकू द्या! घरच्यांना कळाया नगं? हे सवताच्या तोंडानं सांगनार हायेत व्हय?” भीमानं आतल्या दाराकडे तोंड केलं, म्हणजे माईंनाही ऐकू यावं. “आईसाहेब, काल सगळ्यांम्होरं साहेब ह्यास्नी म्हनला, बाबू, सारी पलटन तू घरी लावून दिलीस, आता तू कवा जानार? तुजं घर तर हितं सायकलीवर हाय! आन् लई हसला. आवो, काल पैल्यांदाच न्हाई. आमच्या बराकीतली पोरं सांगत्यात, तीनदा झालं आसं. आखाडात तर साहेबानं सवता ह्यांचा कागद म्होरं सारला. म्हनला, कर सही, जा घरी, बायकू वाट बघत आसंल.”

“मग?”

हा प्रश्न दमयंतीनं विचारला. ती पिठाच्या हातानंच आतल्या उंबऱ्यात येऊन उभी होती. परक्या पुरुषाशी ती असं पहिल्यांदाच बोलत होती, पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नृसिंहराव तर बुटाचा बंद सोडण्यात गढून गेले होते, आणि त्यांच्या पायात बूट नुसता एकच होता.

“मंग काय, बाईसाहेब! बाबूसाहेब आसे ताट हुबे ऱ्हायले.” भीमा ओटीखाली तसा ताठ उभा राहिला. “आन् म्हनले, नो सर! माजी मान्सं आजून सुटायची हायेत. शेवटचा जवान घरी जाईल, मंगच मी जाईन. काल बी त्येच म्हनले. आमच्या डोळ्याला पानीच आलं. इटलीत आमचा कप्तान बी आसाच हुता. सगळ्यांच्या मागं ऱ्हायचा.” भीमानं फेट्याच्या शेमल्यानं कपाळ पुसलं. “त्यो मेला बिचारा.”

भीमानं पुन्हा एकदा सगळ्यांना नमस्कार केला, नृसिंहरावांना कडक सलाम ठोकला, आणि तो बोळातून लांब लांब ढांगा टाकत निघून गेला.

*

माईंनी नारळ उचलला आणि सवयीनं कानाशी हलवून पाहिला.

“ठेवा तो खाली, माई,” दमयंती म्हणाली.

माईंनी ठेवला.

दमयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. “साहेब सोडत नाही ना?”

“तुला त्यातलं कळायचं नाही. साहेबाचं बोलणं वेगळं, मनात वेगळं. इंग्रज लोक असे–”

“तीनदा विचारलं त्यानं.”

“चेष्टेनं विचारलं.”

“कागद पुढे सारला तो चेष्टेनं?”

नृसिंहरावांनी वडिलांकडे पाहिलं. आयुष्यभर उत्तर आलं नाही की ते तिकडेच पाहत आले होते. आणि अण्णाही आजवर कधी कमी पडले नव्हते. त्यांनी पोटावरचं पंचांग सरळ केलं.

“साहेब सोडो न सोडो,” ते म्हणाले, “पितृपक्षात नोकरीतून बाहेर पडणं योग्य नव्हे. आपल्या हातात नाही ते.”

“विचारा म्हणावं,” दमयंती नवऱ्याला म्हणाली, “मग त्या भीमाला काल सोमवार कसा चालला?”

“त्याची रास वेगळी,” अण्णा नृसिंहरावांना म्हणाले.

“आणि गुरुवारी पारनेरचे दोघे सुटले, त्यांची?”

“त्यांच्यात एवढं पाहत नाहीत.”

“पाहत नाहीत, तर मग नारळ कशाचे घेतले?”

अण्णांनी पंचांग मिटलं. माई पुढे सरसावल्या, “नारळ देवाचे असतात, सूनबाई! देवाच्या नारळाला बोल लावू नये.”

“देवाचे नारळ वाण्याकडे जात नाहीत, माई. पिशवी मीच भरून देते.” ती पुन्हा नवऱ्याकडे वळली. “मला दुसऱ्या कुणाचं काही ऐकायचं नाही. तुम्ही सांगा. तुम्हाला सुटायचंय की नाही?”

नृसिंहरावांनी एक बूट हातात घेतला होता, तो ते उगाच पुसत राहिले. मग एकदम म्हणाले, “तिकडे मला कोण विचारणार आहे?”

“म्हणजे?”

“ऊस-खात्यात. गाड्या आल्या, गाड्या गेल्या, लिहायचं. वर तो मॅनेजर, त्याच्याखाली हेडक्लार्क, त्याच्याखाली तुझा भाऊ, त्याच्याखाली मी. ‘अरे राशिनकर, इकडे ये.’ इथे…” त्यांचा आवाज फुटला आणि बारीक झाला, वकिलाकडे असताना होता तसा. “इथे इटलीतून आलेली माणसं मला सलाम करतात. आत्ता पाहिलंस ना तू?”

दमयंतीला त्यांची कीव आली. खरोखर आली; तिच्या मनात येऊन गेलं, की या माणसाला उभ्या जन्मात हे एक टेबल मिळालंय, ते काढून घ्यावं का आपण? पण लगेच दुसरं आलं. आषाढात साहेबानं कागद पुढे सारला त्या दिवशी संध्याकाळी हाच माणूस घरी येऊन, चहा पिऊन, तिच्याकडे पाहून म्हणाला होता, “काय करू गं, साहेब हलूच देत नाही.” आणि तिनं त्याच्या पाठीला बाम चोळला होता.

“शेवटचा जवान कधी सुटणार?” तिनं विचारलं.

“अजून पुष्कळ आहेत. ते सुटेपर्यंत नवे येतील. फौज आहे ती.”

“म्हणजे शेवटचा नसतोच.”

नृसिंहरावांनी बूट उलटा करून तळ पुसायला घेतला.

“असं करू,” अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. भांडण मिटवताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा गोड होई. “घटस्थापना होऊ दे. दसऱ्याला मी स्वतः बसून पाहतो. नाही तर दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की. खोल्या काय, पुन्हा मिळतील.”

“मिळतील हो,” माई म्हणाल्या. “आणि त्या कोपरगावात आहे काय? मळीचा वास! धुतलेल्या लुगड्यालासुद्धा घाण येते म्हणे तिकडे.”

“मी साहेबाला सांगून ठेवतो,” नृसिंहरावांना जरा धीर आला. “दसरा झाला की नक्की. अगदी नक्की. मधे एक फक्त मोठी तुकडी यायची आहे देवळालीहून, तेवढी–”

दमयंती आत गेली. परातीतलं पीठ ओल्या फडक्यानं झाकलं. हात धुतले, पदरानं कोरडे केले, पदर डोक्यावरून नीट घेतला. मग ती आतला उंबरा ओलांडून ओटीवर आली आणि अण्णांच्या समोर उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्या समोर अशी कधी उभी राहिली नव्हती. अण्णांनी पाय जवळ घेतले.

“मामंजी,” ती म्हणाली. पानं वाढली आहेत असं सांगावं तसा तिचा आवाज होता. “उद्या सकाळच्या गाडीनं मी नीलाला घेऊन कोपरगावला जाते आहे. शामदादा स्टेशनवर येणार आहे. खोल्या मी ताब्यात घेते.”

“उद्या अमावास्या आहे!” अण्णा म्हणाले. तेही सुनेशी सरळ बोलत होते, हे त्यांना उमगलं नाही.

“होय.”

“घरात श्राद्ध आहे उद्या!” माई ओरडल्या. “सर्वपित्रीच्या दिवशी घरची सून–”

“होय, माई.” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही दसऱ्याच्या आत सुटून आलात तर नोकरी आहे. नाही आलात तर खोल्या परत करून मी दादाकडे राहीन. इथे परत येणार नाही.”

नृसिंहरावांच्या हातातला बूट तसाच राहिला.

“वड्यांची डाळ भिजत घातली आहे,” दमयंती म्हणाली. “खिरीचे तांदूळ निवडून ठेवले आहेत. उद्याचं माईंनी बघावं.”